पिठाला डिझेलचा वास

परातीत हात घातला आणि वंदनाला वाटलं, वास आपल्याच हातांचा आहे. पंपवाल्याची बायको म्हटल्यावर तेवढं आलंच. भागवतचे सदरे धुवून धुवून डिझेलचा वास तिच्या नखांत कायमचा मुक्कामाला होता. गार्गी अंगावर पीत होती तोवर वंदना आधी बेसनाने हात चोळायची आणि मगच लेकीला जवळ घ्यायची. तिने हात नाकाशी नेला. मग तांब्या नेला. मग परातीतल्या भरड पिठाचा एक गोळा.

वास पिठाला होता.

या घरात नांदून ती एवढं शिकली होती, की काही दिसलं तर आधी कोण पाहतंय ते पाहावं. शारदा, तिची मोठी जाऊ, पलीकडे गोवऱ्यांचा हारा रचत होती. पाणी तिनेच विहिरीतून शेंदून आणलं होतं, आणि आत्ता तिचं लक्ष गोवऱ्यांवर नव्हतं, वंदनाच्या तोंडावर होतं. वंदनाच्या मनात पाल चुकचुकली.

तूर घरात आली की या मळ्यात रोडगे, म्हणजे गोवऱ्यांच्या आरात भाजलेले भरड पिठाचे जाड गोळे, व्हायचे. विहिरीकाठी लिंबाखाली मारोती, त्याला नैवेद्य, आणि रोडग्याचं पीठ त्याच विहिरीच्या पाण्यात मळायचं, हा नेम सासऱ्यांच्याही आधीपासूनचा. सासरे उकंडराव गेले, दोन भावांच्या चुली वेगळ्या झाल्या. थोरले अर्जुनराव मळ्यात राहून शेत बघू लागले, आणि मळ्याच्या वरच्या अंगाला, डोणगावच्या रस्त्याला लागून असलेला पेट्रोलपंप धाकट्या भागवतकडे आला. तरी रोडग्याला दोन्ही घरं एका पंगतीला बसत. यंदा बसतील की नाही याचीच धास्ती होती. अर्जुनरावांचा शिवम पंपावर कामाला होता, त्याला भागवतने चोरीचा आळ घालून काढलं. पोरगा शेगावला एका लॉजवर नोकरीला लागला, आणि तेव्हापासून दोघे भाऊ एकमेकांशी आईच्या मार्फत बोलत.

"आई, लंग!" गार्गी बादलीत वाकून ओरडली.

वंदनाने धावत जाऊन तिला उचललं. बादलीतल्या पाण्यावर जांभळा, हिरवा, सोनेरी असा पातळ तवंग फिरत होता. लेकीचं इवलं बोट त्यात बुडून निघालं होतं आणि आता थेट तोंडाकडे चाललं होतं. वंदनाने ते बोट मुठीत पकडलं, पदराने पुसलं, पुन्हा पुसलं.

"मोठ्या बाई, हे पानी आत्ताच शेंदलं का?"

"हाव. काऊन?"

"नाही, असंच."

"असंच कोनी काही इचारत नाही या घरात," शारदा म्हणाली आणि गोवरी हाऱ्यावर आपटली.

तेवढ्यात सासूबाई, विमलबाई, चिरलेल्या वांग्यांचं पातेलं घेऊन आल्या. परातीपाशी थबकल्या. "अवं माय! राकेलात मळलं का वं पीठ?"

"मी काही नाही टाकलं हो आई," वंदना म्हणाली.

"मीही नाही टाकलं," शारदा लगेच म्हणाली. "इहिरीचंच पानी आहे थे. पोळ्यापासून असंच येऊन राह्यलं. बैल हौदाले तोंड लावत नाही. मेथी टाकली होती काठावर, थे पिवळी पडून मेली. आम्ही प्याचं पानी गावातल्या नळाचं आनतो तवापासून."

"पोळ्यापासून? अन् बोलली काऊन नाही?"

"कोनाले बोलू? ज्यानं टाकलं त्यालेच?"

वंदनाला कळलं. आज पाणी मुद्दाम शेंदून आणलं होतं. पीठ मळायला धाकटीला बसवलं होतं, म्हणजे वास तिच्याच तोंडून बाहेर यावा. तिला राग यायला हवा होता. पण तिच्या डोळ्यांसमोर फक्त ते इवलं बोट होतं.

गोठ्याकडून अर्जुनराव आले. वंदनाने पदर डोक्यावर ओढला. ते तिच्याकडे न पाहता आईला म्हणाले, "आई, इचार तुह्या लहान्याले. टँकर धुतो काय रात्रीबेरात्री माह्या इहिरीवर? का मुद्दाम ओतून राह्यला? इहीर नासली, मळा वाळला, की म्हनन, दादा, आता इकून टाक, मले हाटेल काढाचं आहे पंपाच्या मांगं."

"दादा, समोर उभा आहो मी. मलेच इचार." भागवत तुपाचा डबा घेऊन मोटरसायकलवरून उतरत होता. "अन् उलटं का नसन? इहिरीत दोन कॅन तूच ओतले असशीन. पंपावर बोट दाखवाचं, पंप बंद पाडाचा. नाहीतरी नवा हायवे झाल्यापासून ट्रका तिकडूनच चालल्या. उरलं सुरलं तुह्या डोळ्यात खुपते."

"माह्या पोराले चोर म्हनलं, आता मलेच म्हन."

"मंग इहिरीवरच्या तुह्या जुन्या इंजनातून गळत असन."

"इंजन मागच्या सालीच भंगारात इकलं बे! तुलेच तं टेम्पो मांगितला होता."

भागवतने तुपाचा डबा खाली ठेवला. त्याची रीत वंदनाला ठाऊक होती. एक बाजू पडली की तो दुसरी शोधायचा.

"तुले सांगू दादा, माह्या पंपावर काय चालू आहे थे? रोज सकाळी टाकीत काठी सोडतो मी. रोज कमी भरते. पहिले हिच्या भावाले काढलं, हरिओमले. तरी तूट. मंग मेहकरचा मानूस ठेवला, त्याले काढलं. तरी तूट. मंग तुह्या शिवमले ठेवलं. तरी तूट. सांग, चोरांच्या गावात पंप चालवाचा कसा?"

वंदनाचे हात पिठात थांबले.

टाकी जमिनीखाली असते, हे या घरातल्या लहान पोरालाही माहीत होतं. तिच्यात रोज पितळेची काठी सोडायची, ओल्या खुणेवरून शिल्लक डिझेल मोजायचं, कालच्या शिल्लकीतून दिवसभरात विकलेलं वजा करायचं, आणि दोन्हीचा मेळ बसला की चहा प्यायचा. मेळ बसला नाही की माणूस बदलायचा. आपोआप मोजणारं यंत्र कंपनीने बसवून दिलं होतं, ते पावसाळ्यात बंद पडलं आणि भागवतने ते कळवलंच नाही. कळवलं तर तपासणी येणार, तपासणी आली तर तूट दिसणार, तूट दिसली तर पंप धाकट्याला झेपत नाही हे दादाला कळणार.

हरिओम तिच्या पाठचा. वरवट बकालहून बारावी करून आला होता, बहिणीच्या घरी राहून काही शिकावं म्हणून. ज्या संध्याकाळी भागवतने त्याला पंपावर चार ट्रकवाल्यांसमोर उभं केलं आणि खिसे उलटे करायला लावले, त्या संध्याकाळी वंदना पंपावरच्या खोलीच्या दाराआड उभी होती. तेव्हापासून माहेरचं कोणी आलं नाही. दिवाळीला बाबांचा निरोप आला: जिथं आपल्याला चोर म्हटलं तिथं कोणत्या तोंडानं यावं, तू सुखी राहा. त्याआधी राखी तिने कुरिअरने पाठवली होती, ती परत आली. आणि तिने तरी काय केलं होतं? एका रिकाम्या दुपारी, गार्गीला थोपटता थोपटता, तिच्याही मनाने भावाच्या नव्या मोबाइलची किंमत केली होती.

माणसं बदलली, आणि तूट तीच राहिली.

आता तिला दोन गोष्टी एकदम कळल्या. पहिली, की हरिओमने थेंबही घेतलेला नाही. दुसरी, की हे बोललं तर पंपाला कंपनीचं सील लागणार, आणि तिच्या चुलीवरचं दूध, गार्गीची बालवाडी, सगळं त्याच पंपावर चालतं. गप्प बसलं तर काय होईल? विहीर सोडून देतील. नळाचं पाणी आहेच. दोघे भाऊ एकमेकांवर संशय घेत म्हातारे होतील, आणि हरिओम चोरच राहील.

"आहो," ती म्हणाली. भासऱ्यांसमोर, म्हणजे थोरल्या दिरासमोर, ती नवऱ्याला हाक मारत नसे. सगळ्यांनीच मान वळवली. "एवढं डिझल चोरून कोनी नेलं कुठं? घरात कोनाच्या दिसलं काय? गाडी नाही घेतली कोनी, घर नाही बांधलं. हरिओम तं अजून सायकलवर फिरते."

"मंग?"

"मंग थे कुठं गेलं, हे पिठाले इचारा ना."

कोणी हसलं नाही. विमलबाईंनी परातीतला गोळा उचलून पुन्हा हुंगला आणि हळूच खाली ठेवला.

"टाकी गळते म्हनतं तू?" भागवतचा आवाज चढला. "बाबांनी बसवलेली टाकी आहे थे! कंपनीच्या इंजिनिअरनं पास केली. येडी झाली का वं?"

"येडी असन. मंग पाहून घ्या. आज पंप बंद ठेवा, काठी सोडा, खूण करा. पंगत होईलोक कोनी हात लावाचा नाही. मंग पुन्हा सोडा."

अर्जुनराव पहिल्यांदाच धाकट्या भावजयीकडे बघत म्हणाले, "बरोबर बोलली. पन मी तिथंच बसन. हा मधातच काही घोळ करन."

"अन् मी तुह्यावर नजर ठेवन," भागवत म्हणाला. "तुह्यासारखा मानूस टाकीत नळी सोडाले मांगंपुढं नाही पाहनार."

दोघेही तयार झाले. सत्य कळावं म्हणून नाही, दुसरा रंगेहाथ सापडावा म्हणून. वंदनाला ते स्पष्ट दिसत होतं. पण तिला तेवढं पुरे होतं.

विमलबाईंनी परात उचलली आणि पीठ उकिरड्यावर टाकून दिलं. मग नळाच्या पाण्याचा ड्रम पुढे ओढला.

"आई, नेम मोडते ना," शारदा म्हणाली.

"मारोतीले डिझलचे रोडगे खाऊ घालू काय? थो काही ट्रक नाही."

रोडगे मळ्यातच भाजले, गोवऱ्यांच्या आरावर, पंपापासून चांगले दूर. मग राख झटकून, तुपात बुडवून, टोपल्यात घालून सगळा परिवार पंपावर आला. पंपाच्या फरशीवर, टाकीच्या लोखंडी झाकणाभोवती, पंगत बसली. असली पंगत डोणगावच्या रस्त्याने कधी पाहिली नसेल. पुढे दोरी बांधून पाटी लावली: पंप बंद. मशीनच्या खोलीला कुलूप घातलं आणि किल्ली कोणाकडे ठेवायची यावरून पुन्हा जुंपली.

"माह्यापाशी," भागवत म्हणाला.

"म्हनजे बकरीपाशी गवत," अर्जुनराव म्हणाले.

विमलबाईंनी किल्ली घेतली, दोन्ही मुलांकडे पाहिलं, आणि वंदनाच्या हातात दिली. "हिच्याजवळ राहू दे. तुमचा दोघाईचाही हिच्यावर इस्वास नाही. म्हनून हेच बरी."

काठी सोडली. दोघा भावांनी एकत्र वाकून खूण वाचली, जणू एकाच पोथीवर दोन भटजी. अर्जुनरावांनी खिळ्याने पितळेवर रेघ ओढली. झाकण बसलं. झाकणावर विमलबाईंनी पाट टाकला आणि त्यावर स्वतः बसल्या.

"आता सोड म्हना नळी," त्या म्हणाल्या.

वांग्याची भाजी, वरण, रोडगे. अर्जुनराव जेवताना झाकणाकडे बघत, भागवत अर्जुनरावांकडे, शारदा भागवतकडे. एका जीपवाल्याने दोरीपाशी गाडी थांबवली. "काय पाटील, पंपावर लगन आहे काय?"

"बंद आहे. पुढं जा," भागवत ओरडला. "अन् विडी विझव बे आधी!"

"जेवाले तरी बलवा!"

"जेव आन् मंग पाहारा दे आमच्यासंगं," विमलबाई म्हणाल्या. जीपवाला खरोखरच एक रोडगा पदरात, म्हणजे गमछ्यात, घेऊन गेला.

जेवण झालं तरी कोणी उठेना. भागवत मागे लघवीला गेला तर अर्जुनराव त्याच्यामागे गेले. अर्जुनराव तंबाखू चोळायला बाजूला झाले तर भागवत त्यांच्यामागे. "लहानपनी शाळेत सुदिक इतके संगं गेले नसतीन," शारदा हळूच म्हणाली, आणि वंदनाला हसू आलं. किती दिवसांनी दोघी जावा एकाच गोष्टीला हसल्या. शारदाने तिच्या मांडीवर पेंगणाऱ्या गार्गीच्या कपाळावरचे केस मागे केले.

"मले वाटलं होतं, तुले सगळं माहीत आहे," ती म्हणाली. "वाटलं, पाहू कशी गप्प बसते."

"मले वाटलं, तुम्हीच काही टाकलं पान्यात."

"घ्या. अन् पोरगी मातर कोनावर डाव न धरता सरळ बोट बुडवून आली."

ऊन खाली आलं. सावली मशीनच्या खोलीवरून फरशीवर उतरली. विमलबाई कण्हत पाटावरून उठल्या. भागवतने झाकण उघडलं, काठी पुसली, सोडली, काढली.

ओली खूण खिळ्याच्या रेघेच्या खाली होती. नखभर. नखभरच, पण त्या रुंद टाकीत नखभर म्हणजे किती, हे भागवतशिवाय कोणालाच इतकं नीट माहीत नव्हतं.

"काठी वाकडी गेली असन," तो म्हणाला.

पुन्हा सोडली. पुन्हा तीच. मग अर्जुनरावांनी हातातून घेतली, त्यांनी सोडली. खूण तिथेच.

सगळे एकमेकांकडे पाहत होते, आणि पहिल्यांदाच त्या पाहण्यात काही अर्थ उरला नव्हता. दिवसभर कोणी कोणाला नजरेआड होऊ दिलं नव्हतं.

"आता सांग भागवत," विमलबाई म्हणाल्या, "चोर कोन?"

अर्जुनराव मळ्याकडे बघत होते. पंप उंचावर, मळा उतारावर, मधे काळी जमीन. "पोळ्यापासून," ते स्वतःशीच म्हणाले. "म्हनजे सगळी जमीन पेली असन. आता नुसती इहीर उपसून भागन काय? किती साल लागतीन मातीले?" त्यांच्या आवाजात राग नव्हता, आणि वंदनाला त्याचीच भीती वाटली.

भागवतने तिला बाजूला, हवा भरायच्या मशीनमागे बोलावलं. घामाने सदरा पाठीला चिकटला होता. गार्गी तिच्या खांद्यावर झोपली होती, म्हणून तो कुजबुजत बोलला.

"किल्ली दे. चार दिवसात डिझल इकून टाकी रिकामी करतो. मंग कंपनीले म्हनतो, जुनी झाली, बदलून द्या. आत्ता सांगितलं तं सील लावतीन, जमीन खोदतीन, डीलरशिप जाईन. पोरीचं काय करशीन?"

"चार दिवस अजून गळन ना."

"गळू दे! इतके दिवस गळली."

"अन् हरिओम?"

"त्याले बोलावतो परत. सांगू, मोजनीत गलती झाली होती."

वंदनाने त्याच्याकडे नीट पाहिलं. वाईट माणूस नव्हता. गार्गीच्या तापात रात्र रात्र तिला खांद्यावर घेऊन अंगणात फिरलेला माणूस होता. पण या माणसाला आपल्या भावापेक्षा, मेहुण्यापेक्षा, पुतण्यापेक्षा एका लोखंडाच्या टाकीवर जास्त विश्वास होता. त्याने सगळ्यांचे खिसे तपासले, फक्त जमिनीचा नाही.

"गलती चार लोकांसमोर झाली होती," ती म्हणाली. "दुरुस्त मशीनमांगं काऊन करता?"

"वंदना, किल्ली."

"आधी कंपनीले फोन. दादांसमोर. टाकी उद्या नाही, आजच रिकामी कराले टँकर मांगवा. मंग हरिओमले. मंग शिवमले. मंग किल्ली."

"अन् खाशीन काय?"

तिने गार्गीला दुसऱ्या खांद्यावर घेतलं आणि त्या प्रश्नासकट चालत, जिथे सगळे उभे होते तिथे परत आली. किल्ली तिच्या मुठीत होती, आणि मूठ लेकीच्या पाठीवर.

भागवत मशीनमागून आला. त्याने कोणाकडेच पाहिलं नाही. कंपनीच्या साहेबाला फोन लावला, "हाव साहेब, गळते आहे, पक्कं आहे" असं म्हणाला, पलीकडचं बराच वेळ ऐकून घेतलं, आणि शेवटी "इहीर सुदिक गेली" एवढंच बोलून ठेवला. अर्जुनरावांनी मान वळवली. आमची विहीर, असं तो म्हणाला नव्हता, पण आवाज तोच होता.

मग त्याने दुसरा नंबर लावला. वंदनाने हात पुढे करून मोबाइलचा स्पीकर सुरू केला. रिंग वाजत राहिली. फोन उचलला गेला. नुसता श्वास, आणि मागे कुठेतरी मळणीयंत्राचा आवाज.

"हरिओम, मी बोलतो. भागवत."

"आता काय कमी भरलं, जिजाजी?"

भागवतने डोळे मिटले. "काही नाही... म्हनजे भरलं. टाकी फुटकी होती. तू काही नेलं नव्हतं. मीच..." पुढचं त्याला जमेना.

मळणीयंत्राचा आवाज थांबला. पलीकडे कोणीतरी खोकलं, आणि वंदनाने बाबांचा खोकला ओळखला.

"तिथं कोन कोन आहे?" हरिओमने विचारलं.

"सगळेच आहे. तुही ताई, आई, दादा, वहिनी. स्पीकरवर आहे फोन."

"मंग अजून एक खेप म्हना," हरिओम म्हणाला. "जोरात. इकडंही सगळे बसेल आहे."